आल्या पावली

रविवारी रात्री नऊनंतर दार लावून घेते
आणि यंत्रांची पोटं उपसते.
अठरा वॉशर, बारा ड्रायर.
सात नंबरचं कुलूप थंडीत आखडतं,
किल्लीआधी त्याला फुंकर लागते.

बाहेर डुलुथ. तलावावरून आलेला वारा
पार्किंगमधला बर्फ खरवडत बसलाय.
आत साबणाचा वास,
आणि बादलीत पडत जाणाऱ्या
पाव डॉलरच्या पावल्या.

ऑरिन सांगायचा, चेहरे बघू नकोस, मार्लिस,
कडा बघ.
चौसष्टपर्यंत चांदी.
पुढे आतून तांबं; ते कडेला दिसतं,
पावाच्या दोन कापांतून डोकावणाऱ्या जॅमसारखं.
जिला रेघ नाही, ती बाजूला काढ.

मी चळत तळहातावर आडवी धरते, दिव्याखाली.
रेघ, रेघ, रेघ, रेघ.

एकोणीस वर्षांत त्याला सापडल्या एक्केचाळीस.
वहीत तारीख, यंत्राचा नंबर,
आणि शेजारी कधीतरी दोन शब्द:
‘नर्स असावी.’
‘आजोबांची बरणी फोडली बहुतेक.’
कपडे धुण्यापुरते सुट्टे नसलेल्या कुणीतरी
घरातलं साठवलेलं मोडलं
आणि आपण ते वेचतोय,
याचं त्याला वाईट वाटायचं.
मला नाही. मला जागेचं भाडं दिसायचं.

आज सहा नंबरच्या ड्रायरमधून ती आली.
कड पांढरी, दुधाच्या दातासारखी.
टेबलावर टाकली.
बाकीच्या पडतात तेव्हा नुसतं ठक होतं;
ही खणखणीत वाजली,
आणि वाजून झाल्यावरही थोडी उरली.

उलटी केली तर गरुडाच्या छातीवर
लाल ठिपका.
नखांना लावतात तो रंग.

पुलापलीकडे आईचा बार होता.
दुपारी चारला तिथे चिटपाखरू नसे.
मग आई गल्ल्यातली पावली ज्यूकबॉक्सात टाकी,
रस्त्यावरच्या कुणाला वाटावं
आत काहीतरी चाललंय.
महिन्याअखेर कंपनीचा माणूस पेटी रिकामी करी
आणि लाल ठिपक्याच्या तेवढ्या
मोजून काउंटरवर ठेवी.
घरच्या त्या. त्यांचा हिशोब नाही.

ठिपके मी द्यायचे.
नऊ वर्षांची, जीभ बाहेर काढून,
आईच्या बाटलीतल्या ब्रशनं.
एकच दे गं, ती ओरडायची, महाग असतो तो.

ही तीच, असं माझं म्हणणं नाही.
तेव्हा बार पुष्कळ होते,
आणि प्रत्येक बारमागे कुणाची तरी मुलगी.

वर्नर हाक्काला मंगळवारी घोंगड्या घेऊन येतो,
त्याला नाण्यांतलं कळतं.
म्हणेल, अ‍ॅसिटोनमध्ये बुडव.
रंगलेलीला कोण विचारतं?
चांदीच्या भावानं जाईल फक्त.
बरोबरच आहे त्याचं.

वहीत लिहिलं: बेचाळीस. ड्रायर सहा.
शेजारच्या दोन शब्दांसाठी
पेन धरून बराच वेळ बसले.
ऑरिनला सुचलं असतं.

मग उठले, ओले हातमोजे सहा नंबरमध्ये टाकले
आणि फटीत पावली सरकवली.
तिनं घेतली, कुरकुर न करता.
ड्रम फिरू लागला,
त्यात माझे दोन हात धपाधप आपटत राहिले,
काचेला ऊब आली.

रस्त्यावरून एक माणूस जात होता
कॉलर वर करून.
उजेड बघून क्षणभर थांबला, पाटी वाचली, बंद,
आणि पुढे गेला.

सात मिनिटांनी पेटी उघडली.
आत ती एकटीच,
कोमट.